रस्ता कोणाचा?

सकाळीं पहिल्या तासास हजेरी घेतांना कांहीं विद्यार्थी धापा टाकीत वर्गाच्या दाराशीं येतात आणि सांगतात, "सर, बस अडकली होती." या सबबीवर आम्हीं बरेच दिवस विश्वास ठेविला नाहीं. पुढें एकदां आम्हांसच तशा बसमध्यें अर्धा तास उभें राहण्याचा प्रसंग आला व आमचें मत पालटलें. साठसत्तर माणसांची ती गाडी एकेकट्या माणसाच्या मोटारींमागें निमूटपणें उभी होती! या अडचणीवर जगांत कोणता उपाय योजिला गेला, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

ब्राझील देशांतील कुरितिबा हें शहर झपाट्यानें वाढत होतें. परंतु भुयारी रेल्वे बांधण्याइतकें द्रव्य त्याजपाशीं नव्हतें. तेव्हां तेथील महापौर जाइमे लर्नर या स्थापत्यविशारदाच्या कारकीर्दींत, १९७४ सालीं, रस्त्याच्या मध्यभागीं केवळ बसकरितां राखीव मार्ग सुरू झाला. १९९१ सालीं तेथें नळीच्या आकाराचीं स्थानकें उभारण्यांत आलीं. तिकिटाचे पैसे स्थानकांत शिरतांनाच द्यावयाचे; फलाट बसच्या तळाइतका उंच; त्यामुळें अनेक दारांतून एकाच वेळीं चढउतार होते. बसचा पुष्कळसा वेळ धांवण्यांत नव्हे, तर थांबण्यांत जातो, हें मर्म त्या लोकांनीं ओळखिलें होतें.

कोलंबियाची राजधानी बोगोटा हिनें डिसेंबर २००० मध्यें हीच पद्धति मोठ्या प्रमाणावर स्वीकारिली. उभ्या बसला मागची बस ओलांडून जातां यावी म्हणून स्थानकांपाशीं दुहेरी मार्ग ठेविले. त्यामुळें तेथें एका दिशेनें तासाला सुमारें चाळीस हजार उतारूंची वाहतूक होऊं लागली. परंतु यशाबरोबर गर्दीही आली व तीबद्दल लोकांचा असंतोष वाढला. उतारू वाढले म्हणजे गाड्या व मार्गही वाढविले पाहिजेत, हा त्यांतील धडा होय.

आमच्या देशांत हा प्रयोग प्रथम पुण्यानें केला. डिसेंबर २००६ मध्यें कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर असा मार्ग सुरू झाला. पण तो सलग नव्हता. इतर वाहनें त्यांत शिरत, आणि मधल्या थांब्यापर्यंत पोंचण्यास पायीं चालणाऱ्यास भरधांव वाहनांमधून वाट काढावी लागे. दिल्लींत २००८ सालीं सुरू झालेला मार्ग मोटारवाल्यांच्या मोठ्या विरोधानंतर २०१६ सालीं उखडण्यांत आला. उलट अहमदाबादेंत २००९ सालीं सुरू झालेल्या 'जनमार्गा'त बंद स्थानकें, समपातळींतील फलाट व सलग मार्ग यांची आरंभापासूनच योजना होती, आणि त्याचा विस्तार होत गेला.

यावरून काय दिसतें? केवळ रस्त्यावर पट्टा आंखल्यानें जलद बस होत नाहीं. मार्ग, स्थानक, पदपथ, पुरेशा गाड्या व नियमांचा अंमल हीं पांचही अंगें जुळलीं पाहिजेत. एक लंगडें पडलें कीं सर्वच लंगडतें. पुण्यांत २०२२ सालापासून मेट्रो धांवूं लागली आहे, तेव्हां आतां बस कशाला, असें कोणी म्हणेल. पण मेट्रो कांहीं प्रत्येकाच्या दाराशीं जात नाहीं. तिच्या स्थानकापर्यंत माणसें आणावयास बसच पाहिजे.

खरा प्रश्न यंत्राचा नसून न्यायाचा आहे. राखीव मार्ग रिकामा दिसतो म्हणून मोटारींत बसलेला मनुष्य चिडतो. परंतु मिनिटाला एकच बस गेली, तरी तासाला साठ बसमधून तीनचार हजार माणसें त्याच मार्गानें जातात, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. पालकांनीं याचा शांतपणें विचार करावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यांपैकीं कोणी अभियंता होईल, कोणी नगरसेवक होईल. रस्त्याची वांटणी करण्याची वेळ येईल तेव्हां वाहनें मोजूं नका, माणसें मोजा. तोंवर बस अडकली असें कोणी सांगितल्यास, आम्ही त्याची हजेरी मांडण्यापूर्वीं थोडा विचार करूं!