सीएनजी किट बसवल्यावर आयडलला बंद पडणारी गाडी

पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवल्यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते. गाडी पळताना ठीक असते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरते आणि बंद पडते. सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना सुट्टीत नवापूरमार्गे धुळे-जळगाव गाठताना हा दोष फारसा जाणवत नाही. परत आल्यावर मात्र पर्वत पाटियाच्या गर्दीत प्रत्येक थांब्याला स्टार्टर मारावा लागतो.

आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि आत जाणारी हवा अगदी थोडी असते. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, सीएनजीला १७ पटींच्या आसपास. म्हणून वेगात खपून जाणारी मिश्रणातली चूक इथे इंजिन बंद पाडते. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला भोके पाडून नोझल लावतात, व्हॅक्यूम पाइप कापून जोड घालतात आणि पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी किटच्या कंट्रोलरमधून फिरवतात. दोष बऱ्याचदा या तीन कामांत सापडतो.

पहिली तपासणी फुकटची आहे, तरी तीच सर्रास राहून जाते. इंजिन पूर्ण गरम करून, एसी बंद ठेवून, स्विच पेट्रोलवर करावा. पेट्रोलवर आयडल स्थिर राहिले, तर गॅसची बाजू आणि ठिणगी तपासायची. पेट्रोलवरही गाडी बंद पडत असेल, तर गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर उघडण्यात अर्थ नाही; हवा, ठिणगी किंवा वायरिंग बघावे लागते. बॅटरी काढून काम झाले असेल तर इंजिनाच्या कंट्रोलरने शिकून ठेवलेली आयडलची मापे पुसली गेलेली असू शकतात. काही गाड्यांत ती थोड्या चालवण्याने परत येतात, काहींत स्कॅनर लावून शिकवावी लागतात. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बनही याच वेळी साफ करून घ्यावा.

हवेची गळती फसवी असते, कारण तिची लक्षणे गाडीगणिक बदलतात. आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असेल, तर गळतीतून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण पातळ होते आणि इंजिन मिसिंग मारते. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाडीत त्याच गळतीने आयडल वर चढते किंवा खाली-वर होत राहते. नोझलभोवतीचा सील, व्हॅक्यूम पाइपचा जोड आणि त्याची क्लिप हे आधी बघावे. धूर सोडून तपासणे सर्वांत खात्रीचे. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत धोक्याची आहे.

सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावते आणि गॅसवर उघडी पडते. गाडी जुनी असेल तर प्लग किट बसवतानाच बदललेले बरे.

गॅसच्या बाजूला मुख्य भाग म्हणजे रिड्यूसर. टाकीतला २०० बारपर्यंतचा दाब तो एक-दोन बारवर आणतो. दाब उतरताना गॅस फार थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचे गरम कूलंट फिरवलेले असते. कूलंट कमी असले किंवा पाइपात हवा अडकली, तर रिड्यूसर गारठतो, दाब डगमगतो आणि गाडी बंद पडते. गॅस इंजेक्टर गळत असेल तर मिश्रण नेमके आयडललाच गडद होते. हे सगळे ठीक असेल, तर लॅपटॉप जोडून कॅलिब्रेशन करायचे. ते शेवटी करण्याला कारण आहे: गळतीसह केलेले ट्युनिंग गळती झाकते, आणि पाइप बदलताच गाडी पुन्हा बिघडते. थ्रॉटलचा स्क्रू पिळून आयडल वाढवून देणे हाही असाच वरवरचा इलाज आहे.

सुरतेतल्या मीठी खाडीचे पाणी पावसाळ्यात लिंबायत, पर्वत पाटियाच्या वस्त्यांत शिरते. इंजिनाच्या कप्प्यापर्यंत पाणी चढलेल्या गाडीत किटच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, हे आधी पाहावे. बरीच वर्षे गॅसवर धावलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकी झिजून व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि कॉम्प्रेशन घटते. तिथे कुठलेही ट्युनिंग चालत नाही; व्हॉल्व्हची फट (क्लिअरन्स) तपासावी लागते.

टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि जास्त दाबाची नळी यांची दुरुस्ती मालकाने किंवा साध्या मेकॅनिकने करू नये. गॅसचा वास आला तर गाडी सुरू न करता टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडे गाडी नेताना आरसी बुकातली सीएनजीची नोंद आणि टाकीच्या हायड्रो टेस्टचा दाखला सोबत असावा. ही चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे.