किल्ली आपल्याच कमरेला हवी

२०२३ सालची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. कढईत भाजणीचे धान्य भाजत होते आणि ओट्यावरचा मोबाइल वाजला. नाशिकच्या एक जुन्या गिऱ्हाईक होत्या. "ताई, रागावू नका हं, पण तुमची वेबसाइट उघडली की जुगाराच्या जाहिराती येतायत!" माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

कराडला घरातूनच मी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. ऑर्डर घेण्यासाठी भाच्याने वेबसाइट करून दिली होती. "मावशी, स्वस्तात मस्त सर्व्हर मिळालाय," म्हणाला. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. वेबसाइट उघडतेय म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा थंडपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा प्लॅन अनमॅनेज्ड आहे. सर्व्हर चालू आहे. आतलं तुम्ही बघायचं." आतलं म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं! भाच्याने रात्र जागून शोधलं. वर्डप्रेसमधलं एक प्लगिन दोन वर्षं अपडेटच केलेलं नव्हतं. त्या फटीतून कुणीतरी शिरलं होतं. बॅकअप होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा आणि त्याच सर्व्हरवर. जादा किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप घालावं, तसला प्रकार. ऐन दिवाळीत नऊ दिवस दुकान बंद राहिलं.

आमचे हे म्हणाले, "अगं, तू आता सर्व्हरचा कोर्स करणार का?" नाही केला. पण एक गोष्ट समजून घेतली. होस्टिंग म्हणजे आपल्या वेबसाइटसाठी भाड्याने घेतलेली जागा. अनमॅनेज्ड सर्व्हर म्हणजे रिकामा ब्लॉक: मोटार, टाकी, कडीकुलूप सगळं आपण बघायचं. मॅनेज्ड म्हणजे देखभालीसकट जागा. भाडं जास्त, पण झोप लागते. मात्र 'मॅनेज्ड' या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते. म्हणून मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिले आणि तीन कंपन्यांना तेच विचारले. मैत्रिणींनो, तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न, अपडेट कोण करणार? सर्व्हरचे, वर्डप्रेसचे आणि प्लगिनचे, असे तिन्ही वेगवेगळे विचारा. काहीजण फक्त सर्व्हरपुरतं बघतात. आपलं नुकसान होतं ते बहुतेक वेळा जुन्या प्लगिनमुळे.

दुसरा, बॅकअप रोज घेता का, किती दिवसांचे ठेवता आणि वेगळ्या जागी ठेवता का? परत बसवून द्यायचे वेगळे पैसे घेता का?

तिसरा, कुणी घुसलंच तर साफसफाई कोण करणार? उत्तर ई-मेलवर लेखी मागा. तोंडी 'हो हो मॅडम' पुढे कामाला येत नाही.

चौथा, दुसऱ्या वर्षी किती पडणार? जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या मुदतीचाच असतो. नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पटही होतो. वर १८ टक्के जीएसटी. ई-मेलची सोय त्यातच आहे की वेगळी, तेही विचारा. सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे एसएसएल, याचे मात्र जादा पैसे मागितले तर थांबा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट मिळतं आणि साध्या दुकानाला ते पुरतं.

'९९.९ टक्के वेळ चालू' या आकड्यानेही भुलू नका. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी तो शब्द खरा ठरतो! ते तास दिवाळीतच आले तर फोन कोण उचलणार, हे महत्त्वाचं. म्हणून पैसे भरण्याआधी मी मुद्दाम रात्री साडेनऊला तिघांनाही फोन केला. एकाने उचललाच नाही. दुसऱ्याने इंग्रजी शब्दांचा भडिमार केला. तिसऱ्या मुलीने मला समजेल अशा हिंदीत नीट सांगितलं. तिथेच घेतलं.

आणि सगळ्यात मोठा धडा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, भाच्याच्या ई-मेलवर नोंदलेलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं, पण दुकान माझं आणि पाटी त्याच्या नावावर! ती आधी माझ्या नावावर, माझ्या मोबाइल नंबरवर करून घेतली. पासवर्ड आता माझ्याकडे आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला बॅकअपची एक प्रत मी घरच्या हार्ड डिस्कवरही उतरवते.

एक खरं सांगते, नुसता पत्ता आणि फोन नंबर दाखवायचा असेल तर एवढा खर्च नको. साधं शेअर्ड होस्टिंग पुरे. पण ऑर्डर आणि पैसे तिथे येत असतील तर काटकसर इथे करू नका.

पुढच्या दिवाळीआधी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, "बाळा, जुना बॅकअप एकदा परत बसवून दाखव, बिघडायच्या आधीच." ती हसली, पण वेगळी प्रत काढून त्यावर दाखवलंन. वीस मिनिटं लागली. मग मी निर्धास्तपणे भाजणीचे डाळ-तांदूळ धुवायला घेतले.