ब्रेकचं पेडल खाली का जातं? गृहीतकाची चाचणी गॅरेजमध्ये समजून घेऊ

'गृहीतक' आणि 'चाचणी' यांच्या व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पण "तुमची चाचणी दोन गृहीतकांमध्ये फरक कसा करणार?" असं कुणी विचारलं की आपली गाडी अडते. माझीही अडायची. मला हा मुद्दा खरा कळला तो घरच्या जुन्या गाडीच्या ब्रेकमुळे. म्हणून आज तेच उदाहरण घेतो.

काय झालं होतं?

सिग्नलला थांबल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवला की पेडल सावकाश खाली जायचं. गॅरेजमध्ये सांगितलं, "लाइनमध्ये हवा गेलीय." त्यांनी एअर काढली, नवीन ब्रेक ऑइल भरलं आणि तीन-चार वेळा जोरात पेडल मारून दाखवलं. पेडल कडक लागलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच! आणि त्याच आठवड्यात बाबा वरंधा घाटातून गावी जाणार होते. गाडी तिथेच उभी केली, घाटाचा बेत रद्द केला आणि वहीत लिहायला बसलो.

आधी यंत्रणा समजून घ्या

पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ऑइलला ढकलतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोचतो. सगळं ठीक असेल तर पेडल एका जागी थांबायलाच हवं. ते खाली सरकत राहिलं, तर ऑइल कुठेतरी जातंय. म्हणजे आपला प्रश्न "ब्रेक खराब आहे का?" हा नाही, तर "ऑइल जातंय कुठे?" हा आहे. प्रश्न असा नेमका मांडला की अर्धं काम होतं.

आता गृहीतकं, आणि प्रत्येकाचं भाकीत

1. बाहेर गळती: टाकीतली पातळी उतरेल. नळीच्या जोडापाशी किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसेल.
2. लाइनमध्ये हवा: पेडल स्पंजासारखं मऊ लागेल, पंप केल्यावर कडक होईल. पण हवा एकदा दाबली गेली की पेडल थांबेल, सरकत राहणार नाही.
3. मागच्या ड्रममध्ये लायनरची फट जास्त: पहिल्यांदा पेडल खोल जाईल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर लागेल. तिथे ते थांबेल.
4. मास्टर सिलेंडरची आतली गळती: रबरी सील झिजल्यामुळे ऑइल पिस्टनच्या बाजूने मागे टाकीकडे परत येईल. पातळी तशीच राहील, ओल कुठेच दिसणार नाही, पण हलक्या दाबाखाली पेडल सरकत राहील.

बूस्टर बिघडला तर पेडल उलट जड होतं, म्हणून तो यादीत नाही. इंजिन सुरू करताना दाबलेलं पेडल किंचित खाली जातं, तेही नॉर्मल आहे. त्याला बिघाड समजू नका.

गॅरेजची चाचणी कुठे चुकली?

हाच लेखाचा मुख्य मुद्दा आहे. जोरात पेडल मारलं की दाबामुळे झिजलेल्या सीलची कडासुद्धा सिलेंडरच्या भिंतीला घट्ट चिकटू शकते. मग पेडल कडक लागतं. हलक्या, स्थिर दाबाखाली मात्र तेच सील ऑइल सोडतं. म्हणजे सील चांगलं असो वा खराब, गॅरेजच्या चाचणीचं उत्तर एकच येणार होतं: "कडक". जी चाचणी दोन्ही शक्यतांमध्ये सारखंच उत्तर देते, तिच्यातून काहीच कळत नाही.

म्हणून आम्ही चाचणी बदलली. गाडी सपाट जागी, टायरला दगड लावून, टाकीवर मार्करने पातळीची खूण केली. मग पेडलवर एक मिनिट हलका, स्थिर दाब दिला. पेडल सरकत गेलं. पातळी खुणेवरच, ओल कुठेच नाही. पहिली तीन गृहीतकं या निरीक्षणात बसत नव्हती.

तरी "उरलं ते खरं" असं लगेच म्हणायचं नाही. ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककाकांनी मास्टर सिलेंडरच्या नळ्या सोडवून तोंडं बुचांनी बंद केली. आता ऑइलला बाहेर जायला वाटच नव्हती. तरीही पेडल सरकलं! गाडीला एबीएस नव्हतं, त्यामुळे तिकडची शंकाही नव्हती. दोष मास्टर सिलेंडरमध्येच होता.

काकांनी नवीन मास्टर सिलेंडर बसवला. आधी त्याची हवा टेबलावरच काढली, मग चारही चाकांची. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घातलं. शेवटी तीच एक मिनिटाची चाचणी पुन्हा केली. पेडल जागचं हललं नाही. दुरुस्तीनंतरची चाचणी आधीच्याच पद्धतीने घ्या, नाहीतर तुलना होत नाही.

एक प्रश्न उरलाच

जुना सिलेंडर उघडला तर सीलची कडा झिजलेली होती. पण कशामुळे? वयामुळे, की एअर काढताना पेडल पार तळापर्यंत दाबल्यामुळे? जुन्या सिलेंडरमध्ये तळाकडच्या, एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज आणि घाण साचते आणि तिच्यावरून गेलेलं सील खराब होऊ शकतं. पण पहिल्या दुरुस्तीआधीची नोंद आमच्याकडे नव्हती, म्हणून याचं उत्तर मिळणार नाही. दोष कुठे आहे हे सिद्ध झालं. तो का आला, हे नाही. प्रबंधात निष्कर्ष लिहिताना ही रेघ ओलांडू नका.

तुमच्यासाठी काम: आपल्या संशोधन आराखड्यातली एक चाचणी घ्या आणि तिच्याखाली लिहा, "माझं गृहीतक चुकीचं असेल तर इथे काय दिसेल?" उत्तर 'तेच दिसेल' असं आलं, तर चाचणी बदला.

आणि हो, पेडल सरकतंय असं वाटलं तर हे प्रयोग रस्त्यावर करू नका. गाडी उभी करा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा.