तात्या नावाचा बोआ: शांत साप पाळणं खरंच सोपं असतं का?

आजचा एपिसोड ज्यांना ऐकायचा कंटाळा येतो किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

इन्स्टावर मी सापासोबतचा एक जुना फोटो टाकला आणि मेसेजेसचा पाऊस पडला. निम्मे मेसेज "दादा, भीती नाही वाटत?" असे, आणि उरलेले निम्मे "दादा, कुठे मिळेल?" असे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी अख्खा एपिसोड लागला.

तर फोटोतला साप म्हणजे डुमेरिल बोआ. ड्युमेरिल हे पॅरिसचे एक फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ, त्यांचं नाव या जातीला दिलंय. मूळ गाव मादागास्कर, त्यातही बेटाचा नैऋत्येकडचा कोरडा, काटेरी जंगलाचा भाग. बिनविषारी. पूर्ण वाढ झाली की साधारण पाच ते सहा फूट, माद्या त्याहून मोठ्या होतात. अंगावर राखाडी, तपकिरी आणि फिकट गुलाबी रंगांची अशी नक्षी असते की सुकलेल्या पानांत बसला तर शेजारून गेलात तरी दिसणार नाही. आणि हीच त्याची शिकारीची पद्धत. झाडावर चढणं, पाठलाग करणं असले उद्योग नाहीत. जमिनीवर पाल्यात गप्प बसायचं, उंदीर, पक्षी किंवा सरडा जवळ येईपर्यंत थांबायचं, आणि मग एकाच झटक्यात पकडून विळखा घालायचा. आणखी एक, ही जात अंडी घालत नाही. मादी थेट पिल्लांना जन्म देते.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. मास्टर्स झालं होतं, नोकरी लागली होती, भाड्याच्या खोलीत एकटा. कुत्रं ठेवायला घरमालकाचा नकार होता, काचेच्या पेटीतला साप मात्र त्याला चालला. एका ब्रीडरकडून दीड-दोन फुटांचं पिल्लू घेतलं. सोबत कागदपत्रं आली, कारण ही जात साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापारावर सगळ्यात कडक बंधनं असलेली यादी. ब्रिटनमध्ये असा प्राणी विकायला आर्टिकल टेन नावाचं सर्टिफिकेट लागतं. मी सही केली आणि फाईल कपाटात टाकली. त्या फाईलकडे नंतर परत येऊ.

नाव ठेवलं तात्या. कारण बघणं तसंच होतं. कोपऱ्यात बसून, काही न बोलता, आपल्याकडे नापसंतीनं बघणारं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली, "अरे, लोक परदेशात जाऊन सून शोधतात, तू हे काय शोधलंस?"

आता पहिला धडा. लोक म्हणतात, डुमेरिल खूप शांत. खरंय, पण शांत म्हणजे निवांत असं नाही. पिल्लू घाबरलं की बहुतेक वेळा चावायला येत नाही, गोठून बसतं. मला वाटायचं, वा, किती माणसाळलाय! मी रोज त्याला हातात घ्यायचो, मित्रांना दाखवायचो. तात्यानं सात आठवडे काही खाल्लं नाही. ब्रीडरला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "त्याला एकटं सोड." मी पेटीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, लपायला दोन घट्ट जागा दिल्या, वरून पाला पसरला आणि पंधरा दिवस हात लावला नाही. सोळाव्या दिवशी त्यानं उंदीर घेतला.

सेटअप कसा होता ते सांगतो, कारण खर्च इथेच कळतो. मोठ्या सापासाठी किमान चार फूट बाय दोन फुटांची पेटी. उंची कमी चालते, जमीन मात्र मोठी हवी. एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला चोवीस-पंचवीस. सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, त्यामुळे तो सरकत सरकत आपल्याला हवी ती जागा निवडतो. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. नुसता हीटिंग मॅट लावला आणि तो बेफाम तापला, तर साप त्यावरच बसून भाजून घेऊ शकतो. एक जड पाण्याचं भांडं. आणि एका पेटीत एकच साप. त्याला सोबतीची गरज नसते, ती गरज आपली असते.

खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचे, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ऊब द्यायची आणि लांब चिमट्यानं समोर धरायचे. जिवंत उंदीर देऊ नये, तो सापाला चावून जखमी करतो. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर उलटून टाकतो. आणि प्रत्येक वेळी हात साबणानं धुवायचे, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

दुसरा धडा मात्र मी तात्याच्या जिवावर शिकलो. एकदा खायला लागल्यावर तो कधी नाही म्हणायचा नाही, आणि मलाही आपली आजी चढली होती. "अजून एक घे रे!" दर आठवड्याला एक मोठा उंदीर. तिसऱ्या वर्षी डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी वाकवून दाखवलं. वळताना अंगाला घड्या पडत होत्या. सापाला चरबी म्हणजे प्रेम नाही, यकृतावर ताण आहे. वाढ झालेल्या डुमेरिलला तीन-चार आठवड्यांतून एकदा खाणं पुरतं. मग वर्षभर मोजून मापून दिलं, तेव्हा कुठे तो पुन्हा आकारात आला.

आणि आता ती फाईल. पाचव्या वर्षी माझा व्हिसा संपत आला. बाबांची तब्येतही बरी नव्हती. पुण्याला परत यायचं ठरलं आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, तात्याचं काय? हा साप वीस वर्षं सहज जगतो, काही तीसपर्यंतही. मी तो घेतला तेव्हा माझा व्हिसा दोन वर्षांचा होता. हे साधं गणित मी केलंच नव्हतं.

पहिल्या परिशिष्टातला प्राणी देशाबाहेर न्यायचा तर निघणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि पोचणाऱ्या देशाचा आयात परवाना, दोन्ही लागतात. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात साइट्सच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. मी दोन आठवडे कागद वाचले आणि थांबलो. परवाने मिळाले असते तरी विमानाच्या पोटात तो कसा राहिला असता? शेवटी डर्बीजवळच्या एका साठीच्या गृहस्थांना दिला. त्यांच्याकडे आधीच दोन डुमेरिल होते. पेटी, थर्मोस्टॅट, फाईल, सगळं दिलं. तात्या नव्या पेटीत गेला, पाल्याखाली शिरला, संपलं. वळून वगैरे बघितलं नाही. बसमध्ये मी रडलो, हे आईला सांगितलेलं नाही.

तर "दादा, कुठे मिळेल?" याचं उत्तर. आपल्याकडेही जमिनीत राहणारे शांत बोआ आहेत. मांडूळ, ज्याला दुतोंड्या म्हणतात, तो बोआच. त्याला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. गुप्तधनाच्या थापांपायी त्याची तस्करी चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, तिन्ही गुन्हे. दुसरा दुरक्या घोणस. हा बिनविषारी, पण दिसायला जहाल विषारी घोणशीसारखा. "बोआच आहे, शांत असतो" म्हणून हात घालणारा माणूस दवाखान्यात पोचेलच असं नाही. घरात साप निघाला तर लांब राहा, लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

आणि परदेशात असाल, कायदेशीर मिळत असेल, तर घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. वीस वर्षांनी मी कुठे असेन? उत्तर येत नसेल, तर आत्ता फक्त फोटो बघा. माझ्याकडे तात्याचे बरेच आहेत, पाठवतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, बूट घालण्याआधी झटकून घ्या!