‘मुलगी वर्गात शांत असते’

आजचा विषय आहे दोन भाषांच्या मध्ये उभं राहणारं आपलं मूल. सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

मुलगी तिसरीत होती. आम्हाला फ्रँकफर्टला येऊन तीन वर्षं झाली होती. माझं ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत, त्यामुळे माझं जर्मन बेकरीच्या काउंटरपलीकडे गेलेलं नव्हतं. नोव्हेंबरात शाळेत पालकभेट होती, तेव्हा मुलगीच दुभाषी म्हणून शेजारी बसली. बाई बराच वेळ बोलल्या. मुलीनं एका वाक्यात आटपलं, "बाबा, बाई म्हणतात मी वर्गात खूप शांत असते."

मी खूश! संध्याकाळी सांगलीला आईला फोन केला, तर तिनं नातीची फोनवरूनच दृष्ट काढली.

जानेवारीच्या शेवटी सहामाही प्रगतिपुस्तक आलं. लेखी पेपर चांगले, तरी जर्मन विषयात ३. (इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट, हे नव्यानं आलेल्यांसाठी सांगतो.) या वेळी ऑफिसातल्या जर्मन मित्राला घेऊन शाळेत गेलो आणि तेव्हा उलगडा झाला. ‘शांत’ ही तक्रार होती.

जर्मन शाळेत वर्गातल्या बोलण्याला गुण असतात, आणि त्यांचा वाटा बराच मोठा असतो. मुलानं हात वर करायचा, मत मांडायचं, चुकलं तरी बोलायचं. हात वर करताना इथली मुलं तर्जनी उभी करतात. (आपल्याकडे करंगळी वर केली की बाई वेगळ्याच कामासाठी बाहेर सोडायच्या, ते सोडा.) ज्याला उत्तर येतं पण जो बोलत नाही, त्याला येतं हे बाईंना कळणार कसं? आपण मात्र मुलांना उलटं शिकवून पाठवतो: विचारल्याशिवाय बोलू नये, मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नये.

म्हणजे मुलीनं शब्द बरोबर आणला होता, अर्थ मात्र वाटेत उलटला. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का गं बाई तक्रार करत होत्या ते? ती म्हणाली, "हो. पण तू इतका खूश झालास, मग मी काही बोलले नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी तिचीच तक्रार तिच्याच तोंडून सांगायला बसवलं होतं.

आपल्यावरच असं येतं असंही नाही. अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतली मुलं बँकेत, दवाखान्यात, शाळेत आईवडिलांसाठी भाषांतर करतात. मार्जोरी ओरेयाना यांनी त्यावर २००९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. या कामातून मुलं खूप काही शिकतात, हे त्या सांगतात. ते खरंही आहे. माझ्या मुलीनं वीज कंपनीची पत्रं वाचून दाखवली तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता! पण विजेचं बिल वेगळं आणि स्वतःच्या शाळेचा निकाल वेगळा.

आपल्या हेसेन राज्यात तर चौथीच्या वर्षातच पुढची शाळा ठरते, गिम्नाझियम की दुसरी कुठली. शाळा सल्ला देते, निवड पालकांनी करायची असते. त्या बैठकीत काय बोललं गेलं हे आपल्याला नीट कळलंच पाहिजे. तेव्हा जर्मन येणारा मोठा माणूस सोबत न्या. कोणी नसेल तर दुभाषी मिळेल का, असं शाळेला आधीच विचारा; विचारण्यात कमीपणा नाही. शिवाय आपणही शिकायला बसायचं. मी बुधवारी संध्याकाळच्या वर्गाला जातो, आणि गृहपाठ मुलगी तपासते.

घरी आम्ही जेवताना तिला मत विचारायला लागलो. आधी गप्प, मग हळूहळू वाद घालायला लागली. उन्हाळ्यात सांगलीला गेलो, तेव्हा भर पंगतीत आजोबा काही सांगत होते आणि हिनं बोट वर केलं. आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "अगं, जा ना, विचारतेस काय!"