झिंग्याचं काळीज डोक्यात!

मैत्रिणींनो, आपल्या खान्देशात समुद्र नाही, पण बाजाराच्या दिवशी त्याचा वास मात्र हमखास येतो. सुकट-बोंबलाची पोती मांडून बसलेल्या बाईकडून मूठभर सुकट घ्यायची, तव्यावर खरपूस भाजायची, लसूण-मिरची घालून चटणी करायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. पाहुण्यांसमोर कदाचित वाढत नसू, पण आवडीने खातो हे खरं. माळकरी घरातल्या मैत्रिणींनी नाक मुरडू नये, वाचायला काय हरकत आहे?

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, कोळंबीच्या कुळातला एक बारीक जीव. आपण सगळ्यांनाच सरसकट झिंगे म्हणतो. आता गंमत ऐका. झिंग्याचं डोकं आणि छाती एकाच कवचाखाली असते आणि काळीजही तिथेच. म्हणजे डोकं खुडलं की काळीजही गेलं! त्याचं रक्त आपल्यासारखं लाल नसतं. आपल्या रक्तात लोह, तर त्याच्या रक्तात तांबं, म्हणून निळसर झाक. ओली कोळंबी साफ करताना पाठीतला काळा दोरा काढतो ना, ती शीर नव्हे, तिचं आतडं असतं. आणि करड्या रंगाची कोळंबी कढईत पडताच लाल कशी होते? तो लाल रंग आधीपासून कवचात असतोच, फक्त एका प्रथिनाने बांधून ठेवलेला. उष्णतेने प्रथिनाची गाठ सुटते आणि रंग मोकळा होतो.

चुटकी वाजवणारा एक झिंगा आहे. उंची किती, तर आपल्या बोटाएवढी. त्याची एक नांगी भलीमोठी. ती तो इतक्या जोरात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्या दणक्याने समोरचं भक्ष्य गार! त्या क्षणी बुडबुड्यात हजारो अंशांची उष्णता आणि प्रकाशाची बारीकशी ठिणगी निर्माण होते, हे शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात या झिंग्यांच्या कडकडाटाने पाणबुड्यांचा आवाज टिपणारी यंत्रंसुद्धा गोंधळली होती. दुसरा एक नाजूक जीव खाऱ्या तळ्यांत राहतो. त्याची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. १९७२ मध्ये अपोलो यानातून ही अंडी चंद्राची वारीही करून आली. आणि २०१९ ची बातमी तर कहरच. इंग्लंडमधल्या सफोक भागात नद्यांतल्या चिमुकल्या झिंग्यांची तपासणी केली, तर तपासलेल्या सगळ्या नमुन्यांत कोकेन सापडलं! माणसांची व्यसनं गटारातून नदीत आणि नदीतून बिचाऱ्या झिंग्यांच्या पोटात. आपल्या गिरणेत आपण काय काय सोडतो, ते आठवून माझ्या अंगावर काटा आला.

थंड समुद्रातली एक कोळंबी आधी नर असते आणि मोठी झाली की मादी होते. आमच्या बचत गटात हे सांगितलं, तर एक वहिनी पटकन म्हणाल्या, “म्हणजे थोराली झाली की बाई. घर सांभाळायला शेवटी बाईच लागते!” खूप हसलो. पण पुढचं वाचलं आणि हसू मावळलं.

आज देशातून परदेशी जाणारी बहुतेक कोळंबी समुद्रातून पकडलेली नसते, ती तलावात वाढवलेली असते. वनामी नावाची ही जात मूळची पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिला २००९ मध्ये परवानगी मिळाली. अंडी घालणाऱ्या माद्या हवाईसारख्या ठिकाणांहून विमानाने येतात आणि चेन्नईला काही दिवस सरकारी देखरेखीखाली वेगळ्या ठेवल्या जातात. पण बंदिस्त टाक्यांत मादी लवकर अंडी धरत नाही. तिच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, ती अंड्यांना आवर घालते. मग उपाय काय? तिचा एक डोळा देठासकट कापायचा, चिमटून टाकायचा किंवा दोऱ्याने आवळायचा. मग ती भराभर अंडी धरते. जगभरच्या उबवणी केंद्रांत ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. कोळंबी आणि खेकड्यांनाही संवेदना असते, असं ब्रिटनने २०२२ मध्ये कायद्यातच मान्य केलं, तेव्हापासून यावर जास्त बोललं जाऊ लागलं. एवढासा किडा, त्याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. मला मात्र तो डोळा विसरता येत नाही.

डोळा तिचा, तर बोटं आपल्या बायकांची. कोळंबी यंत्राने कितीही सोलली, तरी हातांची गरज संपत नाही, आणि ते हात बहुतेक बायकांचेच. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा. तिथे पहाटेच्या अंधारात बर्फातली कोळंबी पुढ्यात ओढून बायका उकिडव्या बसतात. मजुरी दिवसावर नाही, सोललेल्या मालावर. डोक्याचा काटा बोटात घुसतो, बर्फाने बोटं बधिर होतात. आपल्याकडे कापूस वेचणीला बाई किलोवर जाते ना, तसाच हिशोब. हात थांबला की पैसा थांबला.

थायलंडमध्ये तर याहून भयंकर. बँकॉकजवळच्या समुत साखोन इथल्या शेडमध्ये म्यानमारमधून आलेल्या बायका-पुरुष-मुलांना कोंडून ठेवत. रात्री दोनला उठवायचं आणि बर्फाच्या पाण्यात हात घालून सोळा-सोळा तास कोळंबी सोलायला लावायची. नाव नाही, नुसता नंबर. ती कोळंबी अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांत जायची. २०१५ मध्ये हे उजेडात आणलं असोसिएटेड प्रेसच्या चौघीजणींनी : एस्थर तुसान, मार्गी मेसन, रॉबिन मॅकडॉवेल आणि मार्था मेंडोझा. त्यांच्या वृत्तमालिकेमुळे मासेमारीच्या धंद्यात गुलाम झालेली दोन हजारांवर माणसं सुटली. २०१६ चं पुलित्झर पारितोषिक त्या कामाला मिळालं.

आणि आपल्या देशातली कृष्णम्माल जगन्नाथन! तामिळनाडूतल्या दलित घरात १९२६ मध्ये जन्मलेली, भूदान चळवळीतली ही बाई. नागपट्टिणमकडे कोळंबीच्या तलावांनी भातशेती आणि गोडं पाणी खारट होऊ लागलं, तेव्हा ती गावोगावच्या बायकांना घेऊन उभी राहिली. पती एस. जगन्नाथन सुप्रीम कोर्टात गेले. ११ डिसेंबर १९९६ ला कोर्टाने किनाऱ्यालगतचे असे तलाव काढून टाकायचा आणि तिथल्या कामगारांना भरपाई द्यायचा निकाल दिला. पुढे २००५ मध्ये वेगळा कायदा आला आणि परवाना घेऊन तलाव चालवायची वाट मोकळी झाली. म्हणजे कोर्टात जिंकलेलं पुढे बरंचसं हातचं गेलं. २००८ मध्ये पती-पत्नींना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये कृष्णम्माल यांना पद्मभूषण. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणींनी ऐकलं असेल?

या धंद्यात पैसा अफाट. २०२४-२५ मध्ये आपल्या देशातून सुमारे ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी बाहेर गेली, किंमत ४३ हजार कोटींच्या वर. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला. अशा वेळी सोलणाऱ्या बाईच्या पुढ्यातला ढीग आधी कमी होतो, तिला कोण विचारतं?

हे सगळं ऐकून एकीने मला विचारलं, “ताई, मग आता सुकट खायची की सोडायची?” तर ऐका. आपल्या पोत्यातली सुकट बहुधा तलावातली नाही. जवळा समुद्रात जाळ्याने धरतात आणि किनाऱ्यावर कोळणी तो उन्हात वाळवतात. त्याला डोळा कापलेली आई नाही. मात्र तो जमिनीवर वाळवला असेल तर रेती असतेच. म्हणून आधी पाखडा, मग कोरडीच भाजून हाताने चोळा, पुन्हा पाखडा आणि मगच धुवा. कवचासकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही मिळतं. वास कुबट असेल किंवा हाताला ओल लागत असेल, तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि कुणाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर तडक दवाखाना गाठा. त्यानंतर त्या माणसाला “थोडीशी चव तर बघ” असा आग्रह अजिबात करू नका, कारण कितीही शिजवली तरी ही अॅलर्जी जात नाही.