पाच हंड्या, एक टांगणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकासाठी कविता लिहावी, एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, निदान प्रवासवर्णन तरी द्यावे, अशी एक रूढ अपेक्षा असते. मी मात्र दिवा टांगण्याच्या एका साध्या साधनाविषयी लिहिणार आहे. वाङ्मयात या विषयाला स्थान नाही हे मला ठाऊक आहे. परंतु गेल्या वर्षभरात ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक शिकविले, ती हीच. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी आणि मित्रांनी थोडा धीर धरावा.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते चौथी शिकले आणि गेली पंचवीस वर्षे तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करीत आहेत. आमचे गाव कऱ्हाडपासून फार दूर नाही. गावात मारुतीचे देऊळ आहे. त्याच्या सभामंडपाच्या तुळयांना पूर्वी पाच काचेच्या हंड्या टांगलेल्या असत. त्या पाच निरनिराळ्या घरांनी निरनिराळ्या वेळी दिल्या होत्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. दोन घंटेच्या आकाराच्या, एक भोपळ्यासारखी, एक चेंडूसारखी गोल, तर एक लांबट, मक्याच्या कणसासारखी. अशा हंड्यांत पूर्वी काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल आणि त्यात वात अशी सोय असे. वीज आल्यावर त्या उतरविल्या गेल्या आणि पेंढा भरलेल्या पेटीत जाऊन पडल्या.

गेल्या वर्षी सप्ताहापूर्वी गावात बैठक झाली. जुन्या हंड्या विकून एकसारखे पाच नवे दिवे आणावेत, असे काहींचे म्हणणे पडले. कारणही रास्त होते. मूळच्या पितळी कड्या आणि साखळ्या केव्हाच गहाळ झाल्या होत्या, आणि पाच आकारांसाठी पाच वेगवेगळ्या टांगण्या करून घ्यायच्या म्हणजे खर्च फार. त्यावर एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “आण्णाचं पोरगं कॉलेजात हाय, त्येला इचारा.” मी इतिहास आणि अर्थशास्त्र शिकतो, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. “जमवतो,” असे बोलून गेलो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आकार पाच असताना टांगणी एक कशी करावी? प्रथम मी हंड्यांच्या पोटांची मापे घेत बसलो. लांबी, रुंदी, फुगवटा सारे वहीत उतरविले, आणि जितके अधिक मोजले तितका गोंधळ वाढला. आण्णांनी वही पाहिली आणि विचारले, “तू हंडी कुठं धरणार?” मी म्हणालो, “काठाला.” “मग प्वाट कशाला मोजतोस?”

हा प्रश्न साधा असला तरी सारे मर्म त्यात आहे. काचेचे भांडे फुंकताना कारागीर पोटाला हवा तो आकार देऊ शकतो. ते टांगणीला मात्र फक्त तोंडाशी भेटते. म्हणून विचार करावयाचा तो तोंडाचा, पोटाचा नव्हे. पाचही हंड्यांना वरच्या बाजूस बाहेर वळलेला काठ होता. सर्वांत लहान काठाचा व्यास चार इंच, सर्वांत मोठ्याचा साडेसात. पाच आकारांचा प्रश्न अशा रीतीने एकाच मापावर आला.

दिव्यांच्या इतिहासात हेच घडलेले दिसते. १७८० नंतरच्या दशकात आर्गां या स्विस संशोधकाने पोकळ गोल वातीचा आणि वर काचेची चिमणी असलेला दिवा प्रचारात आणला. चिमणी आली म्हणजे तिला धरणारे कडेही आले. पुढे रॉकेलचे, गॅसचे आणि विजेचे दिवे आले, तसे काचेच्या ग्लोबांचे शेकडो आकार निघाले. अमेरिकेत त्यांच्या मानेची काही ठरावीक मापे रूढ झाली. सव्वादोन, सव्वातीन आणि चार इंच ही त्यांतली नेहमीची. त्या मापाच्या कड्यात तीन स्क्रू बसविलेले असत. ग्लोब कमळासारखा असो की चेंडूसारखा, मान मापाची असली की तो कड्यात बसे. विजेच्या बल्बचेही तसेच. आपल्याकडचा दोन खिळ्यांचा बल्ब म्हणजे बी-२२, त्याच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर. आट्यांचा ई-२७, त्याचा २७. तारेचा बल्ब जाऊन एलईडी आला, बल्बचे अंतरंग पार बदलले, पण टोपी तीच राहिली. म्हणूनच आजचा बल्ब आजोबांच्या काळच्या होल्डरमध्येही बसतो.

आपल्या कंदिलात थोडी निराळी युक्ती आहे. आमच्या भागात तिचे उदाहरण शोधावे लागत नाही. जवळच ओगलेवाडी आहे. तेथे १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. कंदिलाची काच खाली एका बशीवर टेकते आणि वरून टोपी तिला स्प्रिंगच्या जोराने हलकेच दाबून धरते. काच थोडी उंच किंवा ठेंगणी निघाली तरी तेवढा फरक स्प्रिंग पोटात घेते. काच घट्ट आवळलेली नसते, म्हणून ती तापली तरी तिला फुलावयास जागा असते. ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण तिचा अर्थ कळावयास मला एक हंडी फोडावी लागली.

ती हकीकत सांगितलीच पाहिजे. माझी पहिली टांगणी म्हणजे पितळी कडे आणि त्यात बाहेरून आत येणारे तीन स्क्रू. स्क्रू तीनच का, हे चुलीच्या तीन दगडांवरून ध्यानात येईल. तीन टेकूंवर भांडे डगमगत नाही. चौथा टेकू आला की एक कोणता तरी अधांतरी राहतो. शिवाय एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते, त्यामुळे तीन स्क्रू पुढेमागे करून हंडी बरोबर मध्यावर आणता येते. येथवर माझे चुकले नव्हते. मी घंटेच्या आकाराची एक हंडी त्यात बसविली आणि आत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून ठेवला. तासाभराने पाहतो तो हंडी किंचित कललेली. मी तापलेल्या कड्याचे तिन्ही स्क्रू चांगले पिळले आणि दिवा बंद केला. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज झाला. एका स्क्रूच्या टोकापासून निघालेली चीर हंडीच्या पोटापर्यंत गेली होती.

असे का झाले? उष्णतेने पितळ काचेच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. चार इंच व्यासाचे कडे ६० अंश सेल्सिअसने तापले तर त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे अकरा शतांशांनी वाढतो. तेवढ्याच काचेचा पाच-साडेपाच शतांशांनी. म्हणजे तापताना कडे सैल होते. हंडी कलली ती त्यामुळे. त्या सैल कड्याचे स्क्रू मी पिळले. मग निवताना पितळ काचेपेक्षा अधिक आकसले आणि स्क्रूची टोके काचेत रुतू लागली. फरक कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, पण काच धातूसारखी लवत नाही. सर्व बाजूंनी येणारा दाब ती पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. तीन टोकांनी दाबलेला काठ किंचित वाकतो आणि वाकला की त्याच्या एका अंगाला ताण बसतो. तेथेच चीर सुटते.

मी आण्णांना ती हंडी दाखविली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “काचंला आवळायचं न्हाई. नुसता हात द्यायचा.”

दुसरी टांगणी आम्ही दोघांनी मिळून केली ती अशी. दोन मिलिमीटर जाड पत्र्याची दहा इंच व्यासाची चकती कापून घेतली. तिच्यावर १२० अंशांच्या अंतराने तीन रेषा आखल्या. यासाठी कोनमापक लागत नाही. कंपासचे अंतर त्रिज्येइतके ठेवून वर्तुळावर सहा खुणा करावयाच्या आणि एकाआड एक घ्यावयाची. शाळेतली भूमिती येथे प्रथमच माझ्या उपयोगी पडली. त्या रेषांवर मध्याकडून काठाकडे जाणाऱ्या तीन लांब खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेत एक लोखंडी पट्टी खाली सोडली आणि तिचे टोक आतल्या बाजूस वळविले. हे टांगणीचे तीन हात. हात खाचेत पुढेमागे सरकतात आणि वरून दोन कानांच्या नटने हातानेच घट्ट करता येतात. हंडीचा बाहेर वळलेला काठ या तीन हातांवर नुसता टेकतो. तिला धरून ठेवते ते तिचे स्वतःचे वजन. टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे लोखंड काचेला थेट लागत नाही.

तीन हात स्वतंत्रपणे सरकतात, तेव्हा हंडी मध्यावर कशी राहावी? लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये आत मळसूत्री खाच असते. तिच्यामुळे किल्ली फिरविली की तिन्ही जबडे एकदमच सरकतात. ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. आम्ही प्रत्येक खाचेच्या कडेला कानशीने पाव-पाव इंचावर खुणा केल्या. तिन्ही हात एकाच खुणेवर ठेवले की झाले. हंडीच्या वजनाने हात बाहेर सरकू नयेत म्हणून तिघांभोवती तारेचा एक वेढाही दिला.

आणखी तीन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. पहिली, बल्ब हंडीच्या पोटाच्या मध्याशी यावा. हंड्यांची उंची वेगवेगळी, म्हणून होल्डर एका आट्यांच्या पोकळ नळीला लावला. नळी वरखाली करून हव्या त्या उंचीवर नटने अडकविता येते. दुसरी, चकती काठापासून दोन बोटे वर ठेवली, म्हणजे गरम हवा बाहेर पडते. एलईडी बल्बही कोंडलेल्या उष्णतेत लवकर खराब होतो. ६० वॅटच्या तारेच्या बल्बाइतका उजेड तो साधारण ९ वॅटमध्ये देतो, त्यामुळे मुळात उष्णताच फार कमी. तिसरी, सारे वजन साखळीवर, वायरवर मुळीच नाही. आणि टांगणी धातूची म्हणून तिला अर्थिंग अवश्य. सर्वांत जड हंडी दोन किलोची होती. आम्ही टांगणीला दोन विटा, म्हणजे सुमारे सहा किलो, रात्रभर टांगून पाहिल्या आणि मगच काचेला हात लावला.

चार हंड्या बसल्या. पाचवी टांगणी मोकळी राहिली. ज्यांच्या घरची हंडी माझ्या हातून फुटली, त्या काकूंकडे जाऊन सांगणे भाग होते. वाटेत मनाशी बरीच वाक्ये जुळविली होती, ती दारातच विसरलो. काकूंनी ऐकून घेतले. “फुटायचीच ती, काच हाय,” एवढे म्हणून त्या आत गेल्या आणि लोणच्याची एक मोठी काचेची बरणी घेऊन बाहेर आल्या. “ही बसती का बघ. आमच्या घरचा दिवा कमी नगं दिसाया.”

बरणीचे तोंड साडेचार इंचांचे, काठ जाड, वजन पावणेतीन किलो. तिचा आकार माझ्या वहीत कोठेच नव्हता. मी तिन्ही हात खुणेवर आणले, काठ टेकविला, नळी थोडी खाली घेतली. बरणी बसली.

सप्ताहात पाचही दिवे लागले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कीर्तन ऐकावयास आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने, ती पाचवी हंडी कोठून आणली, असे विचारले तेव्हा काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आण्णा खांबाशी बसून वर पाहत होते, दिव्यांकडे की नटांकडे ते मला सांगता येणार नाही.

पाचही दिवे एकसारखे आणले असते तर काम सोपे झाले असते, परंतु मग ती देणगी पाच घरांची राहिली नसती. एखादी वस्तू पुष्कळांना चालावी असे वाटत असेल, तर सर्वांचे आकार सारखे करण्याची गरज नसते. जेथे त्या भेटतात तेवढी जागा विचारपूर्वक ठरवावी, आणि बाकीचे ज्याचे त्याच्यावर सोडावे. पाच गावांतून पाच तऱ्हेच्या बोली घेऊन येणाऱ्या आम्हा मुलांना एकाच बाकावर बसविणाऱ्या महाविद्यालयालाही हे लागू पडत असावे, असे मला वाटते. असो. टांगणीचा आराखडा माझ्याकडे आहे. कोणाच्या गावी अशा हंड्या पेटीत पडून असतील, तर त्याने अवश्य मागून घ्यावा. मात्र तापलेला स्क्रू पिळू नये.

(द्वितीय वर्ष, कला)